दोन दारांचं व्हॅटिकन

युरोप सहलीची कुठलीही छापील पत्रिका उघडून पाहा. कुठल्या तरी एका दिवशी रोम येतं आणि त्यापुढे एक ओळ असते : ‘सकाळी व्हॅटिकन, दुपारी शहरदर्शन, रात्री भारतीय भोजन.’ भारतीय भोजनाला जितकी जागा, तितकीच व्हॅटिकनला!

मी पहिल्यांदा गेले ती अशाच एका सहलीबरोबर. बस लांब उभी राहिली, मार्गदर्शक हातातली छत्री उंच धरून पुढे धावत होता आणि आम्ही चाळीस जण त्या छत्रीमागे. संग्रहालयाच्या दालनांमधून गर्दीच आम्हांला पुढे नेत होती. सिस्टीन चॅपेलमध्ये किती वेळ होतो म्हणाल, तर जेमतेम दहा मिनिटं. त्यातली चार, सोबतच्या एका काकूंचा चष्मा शोधण्यात गेली. मान वर केली, डोळे भिरभिरले आणि बाहेर पडलो. पुढे कुणी ‘व्हॅटिकन पाहिलं का?’ म्हणून विचारलं, की मी ‘हो’ म्हणत असे. खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं.

म्हणून २०२३ च्या नोव्हेंबरात पुन्हा जायचं ठरलं, तेव्हा मी घरी जाहीर केलं, की या खेपेला छत्री नको. आपलं आपण जायचं. मी, नवरा, सोळा वर्षांचा मुलगा आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई. सासूबाई येणार म्हटल्यावर मला जरा आश्चर्यच वाटलं होतं. त्या पंढरपूरला नेमानं जाणाऱ्या, परदेशाची हौस नसलेल्या. त्यांना विचारलं, ‘‘आई, तुम्हांला तिथे नेमकं काय बघायचंय?’’ तर म्हणाल्या, ‘‘ते पोप मुंबईला आले होते ना, ते कुठे पुरलेत ते बघायचंय.’’

मला क्षणभर कळेना. मग उलगडा झाला. डिसेंबर १९६४. मुंबईत ओव्हल मैदानावर कॅथलिक पंथाची जागतिक परिषद भरली होती आणि तिच्यासाठी पोप सहावे पॉल आले होते. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती उभ्या होत्या आणि त्यांत ख्रिस्ती नसलेलेच अधिक. त्या गर्दीत बारा वर्षांच्या सासूबाई वडिलांचा हात धरून उभ्या होत्या. उघड्या पांढऱ्या गाडीतून पोप गेले आणि त्यांनी हात केला तो थेट आपल्याकडे बघून, असं त्यांचं तेव्हापासूनचं ठाम मत आहे. ती गाडी परत जाताना पोपनी मदर तेरेसांना देऊन टाकली आणि मदरनी तिची सोडत काढून पैसे कुष्ठरोग्यांच्या वसाहतीसाठी वापरले, हेही त्यांना तोंडपाठ.

तेव्हा आमच्या बेताची सुरुवात मायकेलअँजेलोपासून झालीच नाही. झाली ती एका कबरीपासून. आणि आता वाटतं, की तेच बरं झालं.

व्हॅटिकनला जाणाऱ्यानं सर्वांत आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करावी. ही एक जागा नाही, या दोन जागा आहेत. ४४ हेक्टरांचं हे चिमुकलं राष्ट्र १९२९ च्या करारानं स्वतंत्र झालं. त्याच्या एका अंगाला सेंट पीटर्स बॅसिलिका, म्हणजे देऊळ. दुसऱ्या अंगाला संग्रहालयं, आणि सिस्टीन चॅपेल आहे ते संग्रहालयांच्या पोटात. देवळाचं दार चौकाच्या बाजूनं, पूर्वेला. संग्रहालयाचं दार उत्तरेच्या तटबंदीत. एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत तटाकडेनं चालायला पाऊण किलोमीटरहून अधिक, आपल्या वयस्क माणसांच्या चालीनं वीस मिनिटं सहज. देवळात जायला तिकीट नाही, फक्त तपासणीची रांग. संग्रहालयाला तिकीट आहे आणि ते आधी काढलेलं बरं. चुकीच्या रांगेत तासभर उभं राहून मग कपाळावर हात मारणारी माणसं मी दोन्ही खेपांना पाहिली. मेट्रोनं जाणार असाल तर चौकासाठी ओत्ताव्हियानो स्थानक आणि संग्रहालयासाठी चिप्रो, एवढं लक्षात ठेवा.

सासूबाईंना हे समजावलं तर त्यांनी एका वाक्यात निकाल लावला. ‘‘म्हणजे पददर्शनाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. मग एकाच दिवशी दोन्ही कशाला?’’

खरंच, कशाला? देऊळ आणि संग्रहालय एका सकाळीत कोंबलं, की दोन्ही हातचं जातं. संग्रहालयात पाय मोडून घेतल्यावर देवळात माणूस बसायला जागा शोधतो, आणि तिथे बसायची सोय फारशी नाही. आम्ही दोन दिवस ठेवले. ज्यांना रोममध्ये दोन दिवस मिळत नाहीत त्यांनी सरळ एक दार निवडावं आणि दुसरं सोडून द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ते कुणाला पटत नाही, हेही मला माहीत आहे.

वार निवडताना थोडा विचार लागतो. संग्रहालय रविवारी बंद असतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते फुकट उघडतात. पण त्या फुकटाच्या वाटेला लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन जाऊ नये. सोमवारी रोममधली बरीच इतर संग्रहालयं बंद असल्यानं सगळा लोंढा इकडे वळतो. बुधवारी सकाळी पोपची जाहीर भेट असते, तेव्हा देवळाचं दार ती संपेपर्यंत बंद. ती भेट हवी असेल तर तिची प्रवेशपत्रं मोफत मिळतात, आधी मागवावी लागतात. रविवारी दुपारी बारा वाजता पोप चौकावरच्या खिडकीत येऊन प्रार्थना म्हणतात, त्याला काहीच लागत नाही. चौकात जाऊन उभं राहायचं. उन्हाळा शक्यतो टाळा. आणि जाण्याआधी काही विशेष घडतंय का ते पाहून घ्या. २१ एप्रिल २०२५ ला पोप फ्रान्सिस गेले आणि ८ मे रोजी नव्या पोपची, चौदाव्या लिओंची निवड झाली. ती निवडणूक सिस्टीन चॅपेलमध्येच होते. त्या दिवसांत ज्यांनी वर्षभर आधी विमानाची तिकिटं काढली होती त्यांना चॅपेलचं दार बंद मिळालं. अर्थात त्यांना छतापेक्षा पांढरा धूर बघायला मिळाला असेल, तर तक्रार कशाला करतील!

बाकी तयारी थोडक्यात सांगते. भारतीय पासपोर्टावर शेंगेन व्हिसा लागतो आणि अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो; मुलाखतीची तारीख मिळायलाच वेळ लागतो, म्हणून परीक्षा संपायची वाट पाहू नका. संग्रहालयाचं तिकीट त्यांच्या अधिकृत जागेवरूनच घ्या. माणशी वीस युरोच्या आसपास आहे, वर आगाऊ नोंदणीचे पाच. लहान मुलांना सवलत. मधले दलाल याच तिकिटाला दुप्पट-तिप्पट मोजायला लावतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेसुद्धा. अर्ध्या चड्डीतल्या धिप्पाड पाहुण्यांना दारातून परत फिरताना पाहून आमच्या सासूबाई नऊवारीचा पदर सावरत ऐटीत आत गेल्या. गुडघेदुखी असलेल्यांसाठी संग्रहालयात चाकाची खुर्ची मिळते. आईंनी आधी ‘छे’ म्हटलं आणि तिसऱ्या दालनात ‘आण’ म्हटलं.

आता संग्रहालय. इथे काय पाहायचं यापेक्षा काय सोडायचं, हे घरूनच ठरवून निघावं. सगळं पाहायचं तर आठवडा पुरणार नाही. आमची यादी पाच गोष्टींची होती आणि ती बनवताना घरात भांडणं झाली. सुरुवात ‘लाओकोऊन’पासून, कारण संग्रहालयाची सुरुवातही तिथूनच. जानेवारी १५०६ मध्ये रोममधल्या एका द्राक्षमळ्यात खणताना हे प्राचीन शिल्प सापडलं. एक बाप आणि त्याची दोन मुलं, तिघांना सापांनी वेढलेलं. ते बघायला धावलेल्यांत मायकेलअँजेलोही होता. पोप दुसरे ज्युलियस यांनी ते विकत घेऊन आपल्या बागेत ठेवलं, आणि त्यातून हा पसारा वाढला. बापाचा उजवा हात तुटलेला होता. तो कसा असेल यावर शतकानुशतकं वाद चालला, आणि मूळ हात १९०६ मध्ये एका पुराणवस्तूंच्या जाणकाराला रोममध्येच मिळाला : सरळ उंचावलेला नव्हे, तर कोपरात मागे मुडपलेला. माझ्या मुलाला या गोष्टीनं जे धरून ठेवलं, ते शेवटपर्यंत.

दुसरा थांबा राफाएलच्या खोल्या. ‘स्कूल ऑफ अथेन्स’ हे चित्र आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पुस्तकात पाहिलेलं असतं. पण ते पुस्तकाच्या पानाचं नाही, खोलीच्या भिंतीचं आहे, हे तिथे गेल्यावर कळतं. मध्ये प्लेटो बोट वर करून, अ‍ॅरिस्टॉटल तळवा जमिनीकडे करून. भोवती तत्त्वज्ञ, गणिती, ज्योतिषी. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘सगळे बोलताहेत, तो एकटाच पायरीवर रुसून बसलाय.’’ बरोबर तोच! पुढच्या पायऱ्यांवर हनुवटीला हात लावून बसलेला तो माणूस राफाएलच्या मूळ आराखड्यात नव्हता, नंतर काढला गेला. तो मायकेलअँजेलोचा चेहरा आहे असं मानतात. राफाएल इथे रंगवत होता तेव्हा काही पावलांवरच्या चॅपेलमध्ये मायकेलअँजेलो छत रंगवत होता. एकाच धन्याच्या घरी दोन कलावंत, एक सगळ्यांचा लाडका, दुसरा तिरसट. तिरसटाचं काम पाहिल्यावर लाडक्यानं त्याला आपल्या चित्रात पायरीवर बसवलं. हे मानणाऱ्यांत मीही आहे.

आणि मग सिस्टीन चॅपेल. पोप चौथे सिक्स्टस यांनी ते १४८१ पर्यंत बांधून घेतलं. लांबी सुमारे ४१ मीटर, रुंदी तेरा, उंची वीस. मायकेलअँजेलो स्वतःला शिल्पकार म्हणवत असे. छताचं काम त्यानं नाखुशीनंच घेतलं आणि १५०८ ते १५१२ या चार वर्षांत पुरं केलं. तो उताणा पडून रंगवत असे, हे आपण ऐकलेलं असतं. तसं नव्हतं. परातीवर उभं राहून, मान मागे टाकून तो काम करायचा, आणि त्या मानेच्या, पाठीच्या दुखण्यावर त्यानं एक विनोदी कविताही लिहून ठेवली आहे.

इथे दहा मिनिटांत काहीच हाती लागत नाही, याचं कारण आता मला कळलं. बहुधा आत येण्याची वाट वेदीच्या भिंतीतल्या छोट्या दारातून असते, म्हणजे सर्वांत मोठं चित्र तुमच्या पाठीमागे! म्हणून आधी सरळ मध्यापर्यंत चालत जा, मग मागे वळा. कडेच्या बाकावर जागा मिळेपर्यंत थांबा आणि मिळाली की उठू नका. छोटी दुर्बीण असली तर सोनं. चित्रं दाराकडून वेदीकडे अशा क्रमानं रंगवली गेली. दाराकडच्या महापुराच्या चित्रात माणसं लहान आणि दाटीनं आहेत. काम वेदीकडे सरकलं तशी माणसं मोठी आणि मोजकी होत गेली. चित्रकाराला काम करता करता शहाणपण येताना छतावर दिसतं. आदम आणि ईश्वर यांची ती न टेकलेली बोटं वेदीकडून चौथ्या चौकटीत आहेत.

वेदीमागचा ‘अंतिम न्याय’ पंचवीस वर्षांनंतरचा, १५३६ ते १५४१ मधला. तोपर्यंत रोम लुटलं गेलं होतं, चित्रकार साठीच्या घरात आला होता. छतावरची उमेद इथे शोधू नये. चित्रात नग्न देहांची गर्दी पाहून पोपच्या एका अधिकाऱ्यानं नाक मुरडलं, तर मायकेलअँजेलोनं त्याचाच चेहरा नरकातल्या न्यायाधीशाला दिला, गाढवाच्या कानांसह. अधिकारी पोपकडे रडत गेला. पोप म्हणाले, माझी सत्ता नरकात चालत नाही. निदान असं सांगतात! पुढे १५६५ मध्ये दुसऱ्या एका चित्रकाराकडून बऱ्याच देहांवर वस्त्रं रंगवून घेतली गेली. आणि संत बार्थोलोम्यूच्या हातात लोंबणाऱ्या सोललेल्या कातड्यावर चेहरा कुणाचा? खुद्द मायकेलअँजेलोचा, असं मानलं जातं. हे घरून सांगून न्यावं. कारण आत मार्गदर्शकांना बोलायला बंदी आहे, फोटोला बंदी आहे आणि पहारेकरी दर दोन मिनिटांनी ‘सिलेन्झियो’ म्हणून दटावतात. फोटोबंदी मला तरी वरदान वाटली. निदान तिथे तरी लोक वर बघतात.

पाचपैकी उरलेल्या गोष्टींत नकाशांचं लांबलचक दालन होतं. ते तसंही वाटेत लागतंच. आणि चित्रदालन. सहली ते बहुधा वगळतात, म्हणून तिथे शांतता असते. राफाएलचं शेवटचं चित्र, ‘ट्रान्सफिगरेशन’, तिथे आहे. १५२० मध्ये ३७ व्या वर्षी तो गेला. ते नीट पाहून ठेवा, कारण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा भेटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही चौकात होतो. देवळाचं दार सातला उघडतं, आणि ही एक गोष्ट पाळलीत तरी लेख वाचल्याचं सार्थक होईल. बर्निनीच्या २८४ खांबांच्या अर्धवर्तुळात आमच्यासारखी थोडीच माणसं. मधला स्तंभ इजिप्तहून रोमला आलेला, १५८६ मध्ये इथे उभा केलेला. त्याच्या दोन्ही बाजूंना जमिनीत गोल दगड बसवलेले आहेत. त्यावर उभं राहिलं, की खांबांच्या चार रांगांची एकच रांग होते. मुलानं तिथे आजीला उभं केलं आणि आजीनं पुढे-मागे सरकून दोनदा खात्री करून घेतली.

आत बाजूच्या वेद्यांवर प्रार्थना सुरू होत्या. आतली लांबी १८६ मीटर आहे आणि जगातली इतर मोठी चर्चं इथे कुठपर्यंत आली असती, त्याच्या खुणा जमिनीवर पितळेत कोरलेल्या आहेत. हा जरा फुशारकीचा भाग. पायाभरणी १५०६ ची, समारंभपूर्वक अर्पण १६२६ चं. म्हणजे एकशेवीस वर्षं काम चाललं. त्याचा पैसा कुठून आला, हेही मुलांना सांगायला हवं. पापांच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रकं विकून बराच पैसा उभा केला गेला, त्याविरुद्ध १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर उभा राहिला आणि चर्च दुभंगलं. घुमटाखाली उभं राहून हे आठवलं तर घुमट कमी सुंदर दिसत नाही. पण किंमत कळते.

उजव्या हाताला पहिल्याच कोनाड्यात ‘पिएता’. मायकेलअँजेलोनं ती घडवली तेव्हा तो चोविशीच्या आसपास होता. १९७२ मध्ये एका माथेफिरूनं तिच्यावर हातोडा चालवला, तेव्हापासून ती काचेआड आहे. सकाळी सातला काचेपुढे चार माणसं असतात, अकराला चारशे. सासूबाई तिच्यासमोर काही बोलल्या नाहीत. आई आणि मांडीवर गेलेला मुलगा. तिथे समजावून काय सांगायचं?

भिंतींवरची मोठमोठी चित्रं मात्र चित्रं नव्हेतच. जवळजवळ सगळी काचेच्या बारीक तुकड्यांची जडणकला आहे. कालचं ‘ट्रान्सफिगरेशन’ तिथे पुन्हा भेटलं, तुकड्यांत. आणि मधल्या वाटेला संत पीटरचा ब्राँझचा पुतळा. शतकानुशतकांच्या स्पर्शानं त्याच्या उजव्या पायाची बोटं झिजून गुळगुळीत झाली आहेत. मी पहिल्या खेपेला याचा फोटो काढला होता. आईंनी तो पाय पाहिला, चपापल्या आणि सवयीनं हात जोडून पुढे झाल्या. मागच्या इटालियन आजीबाईंनी त्यांना आधी जाऊ दिलं.

नवरा आणि मुलगा घुमटावर गेले. ५५१ पायऱ्या, उद्‌वाहकानं गच्चीपर्यंत गेलात तरी वरच्या ३२० चढाव्या लागतातच, आणि शेवटी भिंत कलती होते. आम्ही दोघी तळघराकडे वळलो.

हे तळघर सहलीच्या पत्रिकांत नसतं. प्रवेश मोफत, दार आतल्याच एखाद्या खांबाजवळ असतं, विचारून घ्यावं. बाहेर पडलं की बहुतेक वेळा थेट देवळाबाहेर निघतो, म्हणून ते सर्वांत शेवटी ठेवावं. त्याच्याही खाली, प्राचीन रोमन स्मशानात, संत पीटरची मूळ कबर मानली जाणारी जागा १९४० च्या दशकात उत्खननात मिळाली. तिथे फार थोड्यांना, खूप आधी लिहून, प्रवेश मिळतो आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना नेत नाहीत. आम्हांला तिथे जायचं नव्हतं. ठेंगण्या कमानींखालून चालत, संगमरवरी शवपेट्या मागे टाकत आम्ही शोधत गेलो. मी नकळत एखादी भव्य समाधी शोधत होते. सहावे पॉल १९७८ मध्ये गेले. २०१८ मध्ये त्यांना संत घोषित केलं गेलं. पण आपल्याला स्मारक नको, मातीतच ठेवा, असं ते लिहून गेले होते. जमिनीलगत एक साधी शिळा, तिच्यावर नाव. मी पुढे निघून गेले होते. आईंनीच मला मागे बोलावलं.

‘‘अगं, हे बघ. हेच ते.’’

पहारेकऱ्यानं पुढे चला अशी खूण केली. त्या दोन पावलं सरकल्या, पुन्हा थांबल्या. मग पिशवीतून रुमालात बांधलेली बुक्क्याची पुडी काढायला लागल्या. मी घाईनं त्यांचा हात धरला. इथे असं चालत नाही म्हटलं. त्यांनी पुडी परत बांधली. बाहेर उजेडात आल्यावर खांबांच्या पायरीवर बसून त्यांनी ती सोडली, बोट बुडवलं आणि स्वतःच्या कपाळाला लावलं.

तेवढ्यात वरून मुलाचा फोन आला. ‘‘आजी, तू दिसतेस. हात कर.’’

त्या उठून उभ्या राहिल्या आणि घुमटाकडे बघत त्यांनी हात केला.